टोकाकडून

त्या गावाची पाटीसुद्धा आता उरलेली नाही.
रूळ उचलून नेले, मग टपाल बंद झालं,
सस्कॅचेवानच्या त्या सपाट गवतात
गव्हाचा लाकडी मनोरा तेवढा ढिम्म उभा होता.
तोही आम्ही उन्हाळाभर उतरवला,
कौलापासून पायापर्यंत, फळीफळीनं.

आता फळ्या थप्पीला लावल्यात, आणि माझ्या हातात
हवेच्या नळीला बांधलेलं हे दीड किलोचं जनावर.
नवी पोरं याला पिस्तूल म्हणतात.
रोमन म्हणतो, पिस्तुलानं खिळे ठोकतात,
हे तर माफी मागतं.
रोमनची पाठ दुखते, म्हणून तो असलं बोलतो.

फळी पालथी घालायची.
खिळ्याचं वाकडं टोक हातोडीनं सरळ करायचं,
त्यावर यंत्राचं तोंड बसवायचं, चाप दाबायचा.
फट्.
ज्या वाटेनं आत शिरला होता त्याच वाटेनं
खिळा उलटा निघतो, डोकं पुढे करून,
थेट बादलीत.

ओढायचं नाही, हे कळायला मला आठवडा लागला.
पकडीनं ओढला की तो लाकडाचा लचका घेऊन येतो.
हे यंत्र मागून ढकलतं.
नव्वद वर्षं आत बसलेल्याला
उठायला सांगतं, एवढंच.

फळीची आतली बाजू बघत राहावी अशी.
धान्य वरून खाली वाहत राहिलं, हंगामामागून हंगाम,
त्यानं मऊ लाकूड खाऊन टाकलं,
गाठी तेवढ्या वर राहिल्या,
म्हाताऱ्या हाताच्या शिरांसारख्या.
टोरांटोच्या हॉटेलांत याची टेबलं होतात.
गिऱ्हाईक भोकांवरून बोट फिरवतं.
भोकांचे पैसे वेगळे लावतात म्हणे.

ओलेना हनात्युक रोज दहाला येते.
ब्याऐंशी वर्षांची. पिकअपमधून उतरत नाही,
काच खाली करते, थर्मासचं झाकण भरते,
आणि विचारते, सापडला का?
तिचा बाप वासिल इथं खिळे ठोकायला होता,
अठराव्या वर्षी, गावात नवा, इंग्रजीचे चार शब्द येणारा.
डावखुरा होता, ती सांगते.
त्याचे खिळे दुसरीकडे कललेले असणार.

मी आधी हसले.
मग खिळे दिसायला लागले.
एकजण तीन घावांत संपवायचा.
एकाला घाई, त्याचे सगळे फळीच्या काठाशी.
एकाचे असे सरळ, की हेवा वाटावा.
नावं नाहीत कुणाची, पण हात ओळखू येतात.

गुरुवारी एक फळी पालथी केली
आणि सगळी टोकं उलटीकडे झुकलेली.
बावीस. मी दोनदा मोजली.
मी हाक मारली, तशी ती गाडीतून उतरली.
हातमोजे मागितले, माझेच दिले.
मी दाबू?
पहिल्या फट्ला दचकली,
खिळा बादली चुकवून गवतात गेला.
दुसऱ्यापासून नाही दचकली.

बावीस निघाले. फळी सुलटी केली तर आणखी एक.
घाव चुकलेला, मधेच दुमडलेला,
रागानं तसाच ठोकून झोपवलेला,
भोवती हातोडीच्या चार चंद्रकोरी.
टोक पलीकडे पोचलंच नव्हतं.
यंत्राला धरायला काही नाही.
पकड लावली, कानस लावली,
रोमननं त्याच्या भाषेत शिवी लावली.

करवतीला असली फळी चालत नाही,
एक खिळा पातं खातो.
रोमननं वहीत ती फळी खोडली.
ओलेना काही बोलली नाही,
त्या चंद्रकोरींत अंगठा घालून बघत होती,
मोजा काढून.

फळी पिकअपच्या बाहेर हातभर आली.
मी टोकाला लाल फडकं बांधलं,
मागच्यांना दिसावं म्हणून.
त्या रस्त्यावर मागे कुणी नसतं.

गवतात गेलेला खिळा मी जेवणाच्या सुट्टीत शोधला.
लोहचुंबक फिरवलं.
दोन बाटल्यांची झाकणं मिळाली, बाकी गवत.